अण्णांचं कुलूप आहे ना

मी कुलूप बोलतोय. दाराचं नाही, कपाटाचंही नाही. जहाजावरचं यंत्र दुरुस्तीला घेतलं की त्याचा स्विच खाली पाडून त्यावर मला लावतात. आत माणूस असताना बाहेरून कोणी यंत्र सुरू करू नये, एवढंच माझं काम. नको त्या वेळी मी निघालो, तर आतला माणूस वाचत नाही.

मोठेपणा सांगायला मी बोलत नाही. त्या दुपारी मला जो धक्का बसला, तो अजून उतरलेला नाही, म्हणून बोलतोय.

नागदेवीच्या गल्लीत एका हार्डवेअरच्या दुकानात मी खोक्यात पडून होतो. कुशाबा जाधव आले आणि एकसारखी लाल कुलपं घेऊन घोडपदेवला घरी गेले. त्यांनी चाळीच्या गॅलरीत बसून बारीक ब्रशने आमच्यावर पांढऱ्या रंगात नावं घातली. माझ्यावर ‘कुशाबा’ लिहिलं. त्यांच्या पत्नी ललिताबाईंनी बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या फळीवर आम्हाला वाळायला ठेवलं. कुलपांपेक्षा माणसांची नावंच फार जपतो हा माणूस, असं त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी कामावर, माझगावच्या धक्क्यावर, कुशाबांनी प्रत्येक कुलपाची जादा चावी समुद्रात टाकली. प्रत्येकाला एकच चावी, ती त्याच्या गळ्यात. दोन चाव्या असल्या की एक नेहमी दुसऱ्याच्या हातात जाते, असं त्यांचं म्हणणं.

कुशाबांना सगळे अण्णा म्हणतात. दहावी झाल्यावर ते नौदलात गेले. तिथे यंत्रं खोलायला, जोडायला शिकले आणि पुढे इंजिनरूममध्ये माणसं सांभाळायलाही शिकले. नोकरी पुरी झाल्यावर माझगावच्या धक्क्यावर जहाज दुरुस्तीच्या एका छोट्या कंपनीत टोळीप्रमुख झाले. अण्णा येण्याआधी तिथे कुलूप वगैरे काही नव्हतं. एक जण स्विचपाशी उभा राहायचा आणि म्हणायचा, “जा आत, मी आहे ना.” हे वाक्य अण्णांना अजिबात खपत नसे. तू आहेस, पण तुला तहान लागेल, फोन येईल, कोणीतरी हाक मारेल, मग काय, असं ते विचारायचे.

अण्णांचा नियम साधा होता. स्विचला भोकं असलेली एक लोखंडी पट्टी अडकवायची. आत जाणाऱ्या प्रत्येकाने तिच्यात आपलं कुलूप घालायचं. बाहेर आला की आपलं आपण काढायचं. दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही. आणि कोणाचं राहिलंच, तर तो माणूस स्वतः येऊन समोर उभा राहीपर्यंत ते निघायचं नाही.

टोळीत लवू होता, मालवणकडचा, तोंडाने फटकळ. शामराव होते, फारसं न बोलणारे. आणि अक्षता होती. परळला राहणारी, आयटीआय करून आलेली, टोळीतली एकटीच मुलगी. लवू तिला ‘मॅडम’ म्हणून चिडवायचा आणि ती त्याला ‘काका’ म्हणायची. त्याचं वय तिशीचं, त्यामुळे ते त्याला जास्त लागायचं.

त्या दिवशी एका मालवाहू जहाजाचा मोठा पंखा दुरुस्त होत होता. इंजिनरूममध्ये हवा ओढणारा हा पंखा माणसापेक्षा उंच असतो आणि तो पत्र्याच्या बोगद्यात बसवलेला असतो. एका लहान दारातून वाकून आत जावं लागतं. काम संपलं. सगळे बाहेर आले, आपापली कुलपं काढून वर डेकवर गेले. अण्णा नेहमीप्रमाणे मला तसंच ठेवून शेवटी निघाले. डेकवर त्यांनी सगळ्यांची तोंडं बघितली आणि मला काढायला परत खाली यायला निघाले, एवढ्यात फोन वाजला. ललिताबाई चाळीच्या जिन्यावरून पडल्या होत्या. डोक्याला मार होता, शेजारी त्यांना परळच्या हॉस्पिटलात घेऊन गेले होते. अण्णा तसेच धावत गेले. हे सगळं मला नंतर खाली झालेल्या बोलण्यातून कळलं.

मी स्विचवर एकटाच राहिलो. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. अण्णा मला विसरले, यावर माझा विश्वासच बसेना.

थोड्या वेळाने पावलं वाजली. अक्षता होती. एका हातात पिवळ्या रंगाची डबी, दुसऱ्यात टॉर्च, कानांत आवाज अडवणारी बोंडं, कारण वर पत्रा घासायचं काम चाललं होतं. नट आवळला की त्यावर पिवळी रेघ ओढायची, ही अण्णांची शिस्त. शेवटच्या नटावर रेघ ओढली की नाही, ते तिला आठवत नव्हतं. वर कोणाला विचारलं असतं तर लवू हसला असता. ती दबकतच आली. तिची चावी गळ्यात होती, पण कुलूप वर पेटीत. तिने क्षणभर जिन्याकडे पाहिलं, मग मला बोट लावलं.

“अण्णांचं कुलूप आहे ना,” ती स्वतःशीच म्हणाली, आणि दारातून वाकून आत गेली. तिच्यामागे दार आपोआप मिटलं.

मला ओरडावंसं वाटलं. अगं, मी तुझा नाही. माझ्यामागे अण्णा असतात आणि आज तेही नाहीत. पण कुलपाला तोंड कुठे असतं?

मग मॅनेजर अवधूत साहेब खाली आले. मागे लवू आणि शामराव. भरतीच्या पाण्यावर जहाज बाहेर काढायचं होतं आणि त्याआधी पंखा चालवून दाखवायचा होता. साहेबांनी मला पाहिलं. कोणाचं म्हणून विचारलं. लवूने सांगितलं. अण्णा तर गेटबाहेर गेले, मग आत कोण आहे, असं साहेब म्हणाले. त्यांचं चुकलं असं मी तरी कसं म्हणू? अक्षता कुठे आहे, हे कोणी विचारलंही नाही. धक्क्यावर बायकांसाठी बाथरूम पार गेटजवळ आहे. ती दिसली नाही की सगळे तिथेच गेली असेल असं धरतात आणि संकोचाने गप्प राहतात.

साहेबांनी कटर मागवला. शामरावांनी तो आणला. लवू मात्र म्हणाला, अण्णांशिवाय नाही. साहेबांनी अण्णांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. हॉस्पिटलातला गोंगाट ऐकू आला, मग अण्णांचा आवाज. बहुतेक गळ्यातली चावी चाचपत असावेत.

“राहिलं माझं,” ते म्हणाले. “सगळे वर आहेत. मी स्वतः बघितलंय. कापा.”

मी थंडगार पडलो. ज्या माणसाने माझ्यावर नाव लिहिलं, तोच हे म्हणत होता. आणि पत्र्याच्या पलीकडे, पंख्याच्या पात्याखाली, अक्षता रंगाची डबी घेऊन बसली होती.

“अण्णा, फोनवर चालत नाय,” लवू म्हणाला.

“लवू, मी सांगतोय ना.”

“तुम्हीच शिकवलंय. माणूस समोर उभा पायजे. यावं लागेल तुम्हाला.”

“हिच्या डोक्याला टाके घालतायत रे.”

लवूचा चेहरा उतरला. पण तो म्हणाला, “मग टाके झाल्यावर या. आम्ही थांबतो.”

अण्णांनी रागाने फोन बंद केला. साहेब लवूला म्हणाले, उद्यापासून गेटच्या आत पाऊल टाकू नकोस. मग शामरावांना म्हणाले, कापा. शामरावांनी कटर उचलला. त्याची पाती माझ्या मानेला लागली. पण शामराव कटर दाबेनात की खाली ठेवेनात. त्यांच्या दोन्ही मुलांच्या शाळा चालू होत्या, साहेब वाईट माणूस नव्हते आणि आत कोणी नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

लवू वर धावला आणि आपलं कुलूप घेऊन आला. शामरावांच्या हाताखालून त्याने ते पट्टीत, माझ्या शेजारी, घातलं आणि दाबलं.

“आता हेपण कापा. ह्याचा माणूस इथंच उभा आहे. नको म्हणतोय.”

शामरावांनी कटर खाली ठेवला. साहेबांनी भिंतीला पाठ टेकली आणि कोणाला तरी फोन करून भरती चुकेल असं सांगितलं.

अण्णा आले तेव्हा त्यांच्या बाहीवर रक्त वाळलेलं होतं. लवूकडे त्यांनी पाहिलंही नाही. चावी काढून ते माझ्यापाशी आले आणि सवयीने थांबले. कुलूप काढण्याआधी टोळीतलं प्रत्येक तोंड बघायचं, ही त्यांची रीत. लवू. शामराव.

“अक्षता?”

बाथरूमला गेली असेल, असं शामराव म्हणाले.

“असेल चालत नाही.” अण्णांनी बोगद्याचं दार उघडलं आणि आत टॉर्च मारला.

ती आधी हसली. कानांतली बोंडं काढून म्हणाली, “अण्णा, शेवटचा नट राहिला होता. मग सगळेच परत तपासले.” सगळ्यांचे चेहरे पाहून तिचं हसू गेलं. “तुमचं कुलूप होतं ना,” ती म्हणाली.

अण्णा खालीच बसले. कोणी कोणाला रागावलं नाही. साहेबांच्या हातातला फोन वाजत राहिला, पण त्यांनी तो उचलला नाही. अण्णा एवढंच पुटपुटत होते, “मी कापा म्हटलं.” अक्षताला आधी काही कळेना. मग तिने माझ्या मानेवरचा कटरचा ओरखडा पाहिला आणि ती जिन्याच्या पायरीवर बसून उलटी करू लागली.

ललिताबाई आता बऱ्या आहेत. लवूला कोणी काढलं नाही. अण्णांनीच साहेबांना सांगितलं, “टोळी लवूकडे द्या. ज्याला मला नाही म्हणता येतं, त्याच्याकडे.” लवू म्हणाला, म्हणजे आता शिव्या मी खायच्या. हसला मात्र नाही.

अण्णा अजून कामाला येतात, लवूच्या हाताखाली. आज आम्ही दुसऱ्या जहाजावर आहोत. मी स्विचवर आहे आणि माझ्या शेजारी अक्षताचं कुलूप आहे. अण्णा मला उघडतात तेव्हा चावी लगेच भोकात जात नाही, दोनदा घसरते. पूर्वी असं होत नसे.

धक्क्यावर लोक म्हणतात, अण्णांच्या कुलपाने पोरगी वाचवली. मला ऐकवत नाही. मला पाहूनच तर ती आत गेली होती.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो. कधी अशा स्विचपाशी याल, तिथे मी लटकलेला दिसेन, आणि माझ्यावरचं नाव तुमच्या ओळखीचं, मानाचं असेल. तरी आत जाऊ नका. माझ्यामागे एकाच माणसाची जागा आहे. तुमचं कुलूप तुम्ही घाला.