एका पट्ट्यातलं फुटकं काडतूस

मित्रांनो, भिंतीवर खिळ्याला टांगलेलं, कुशीत फाटलेलं पितळी काडतूस पाहिलंत? ते मीच. आज मी कुणाच्या कामाचा नाही, पण कधीकाळी मॉन्टानातल्या ऑर्व्हिल टॅकेटच्या कमरेला माझ्याशिवाय पट्टा शोभत नसे.

माझा मान एकाच गोष्टीत होता. मी त्याच्या रायफलमध्येही बसे आणि रिव्हॉल्व्हरमध्येही. घोड्यावर दोन शस्त्रं, पट्टा मात्र एकच. उडालो की त्याची बायको लिओना मला साबणाच्या पाण्यात धुई, काठोकाठ बंदुकीची काळी दारू भरी आणि वर शिशाची गोळी दाबून बसवी. एका हरणावर माझा नेम इतक्यांदा चुकला, की शेवटी ते कंटाळून स्वतःच स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभं राहिलं. ऑर्व्हिल हे शपथेवर सांगे.

मग लिओनाचा धाकटा भाऊ वेंडेल राहायला आला. त्याच्याकडे नवी, बिनधुराची, तिप्पट जोराची दारू होती. फक्त रायफललाच सोसेल अशी. ऑर्व्हिल त्या दारूला हसला होता, म्हणून वेंडेलने गुपचूप तीन काडतुसं भरून पट्ट्यात परत खोचली. रायफलने खांद्याला दणका दिला की दाजींचं हसू जिरेल, एवढीच त्याची गंमत. त्या तिघांत मी होतो. बाहेरून मी होतो तसाच दिसत होतो.

दुसऱ्या दिवशी घोड्याच्या पायाशी साप निघाला. ऑर्व्हिलने मला रिव्हॉल्व्हरमध्ये घातलं. माझा जन्माचा सोबती, ते रिव्हॉल्व्हर, माझ्यामुळेच फुटलं, आणि धन्याची दोन बोटं गेली.

वेंडेल खाटेपाशी मान खाली घालून म्हणाला, "ताई, तुझ्या हातून दारू जास्त पडली असेल."

लिओनाने फुटक्या रिव्हॉल्व्हरमधून मला बाहेर काढलं. तिने मला उजेडात धरलं, आत बोट फिरवून पाहिलं.

"माझी दारू काजळी सोडते," ती म्हणाली. "हे आतून चकचकीत आहे."

वेंडेल म्हणाला की काडतूस जुनं होतं, पितळेचा काय भरवसा. माझ्यावर घातलं त्याने सगळं!

ऑर्व्हिलने डाव्या हाताने पट्टा पुढे सरकवला. "तुझं रिव्हॉल्व्हर काढ, वेंडेल. यातली सगळी उडव. ताईची त्या एकाच काडतुसात चूक झाली असेल तर तुला कसली भीती?"

वेंडेलने पट्ट्याला हातसुद्धा लावला नाही. संध्याकाळी त्याचा घोडा तबेल्यात नव्हता.

लिओनाने पुन्हा कधी काडतूस भरलं नाही. ऑर्व्हिलने पुष्कळ विनवलं, पण आपल्याच भावाने आपल्या हाताला नावं ठेवली, हे तिला विसरता आलं नाही.

आता तिची पणती डार्लीन काउबॉयची मोठी टोपी घालून नेमबाजीच्या सामन्यांना जाते. माझ्या जातीची नवी काडतुसं ती बेताची दारू घालून भरते, दोन्ही शस्त्रांना सोसेल एवढीच. भरताना एकदा माझ्याकडे बघते, आणि मगच डब्याला झाकण लावते.

मित्रांनो, काडतूस न विचारता भरलं जातं आणि न विचारता उडतं. तुम्ही माझ्या पोटात काय घातलं ते मला सांगू नका. पण ज्याच्या हातात मला देणार, त्याला मात्र आधी सांगा.