केसभर वर

पापणीच्या कडेशी धुळीचा एक कण बसला होता — सेल्युलॉइडच्या पारदर्शक तावावर, निजलेल्या मुलीच्या डाव्या पापणीशी — आणि फुंकर मारून तो उडवायचा वर्नाला धीर होत नव्हता, कारण फुंकर लागली की पापणी हलेल असं तिला वाटत होतं. पापणी कुठली हलायला? आत्ताच तिने स्वतः टाकाने ओढलेली काळी रेघ ती, पुरती वाळलीही नव्हती. सुती हातमोज्याच्या टोकाने तिने कण उचलला. मुलगी तशीच राहिली. तशीच... ते ‘तशीच’ काही बरोबर नव्हतं.

सोबतच्या तक्त्यावर लिहिलं होतं : चित्र एक, चौकटी चौऱ्याऐंशी. म्हणजे पडद्यावर साडेतीन सेकंद हेच एक चित्र, जराही न हलता. वर प्रसंगाचं नाव निळ्या पेन्सिलीने — ‘झोप’. आणि त्याच्याखाली खोडरबराने पुसलेला आधीचा शब्द, तिरपं धरलं की अजून वाचता येणारा. ‘मृत्यू’.

तीन वर्षांपूर्वी या कार्टूनपटाच्या कथेत दीपगृहाच्या रखवालदाराची ही मुलगी शेवटी मरणार होती. मग स्टुडिओच्या वरच्या मजल्यावरच्या साहेबांना ते सोसेना. पहिला दिग्दर्शक दार आपटून गेला, दुसरा आजारी पडला, कथा दोनदा उलटीपालटी झाली, प्रदर्शनाची तारीख चारदा बदलली. आता नोव्हेंबरची पोस्टरं लॉस एंजेलिसभर लागली होती आणि नवं चित्र काढायला कुणाला सवड नव्हती. चित्र तेच ठेवलं. शब्द पुसला.

“काय गं, दृष्ट लावतेयस का तिला?” शेजारच्या मेजावरून इडा म्हणाली.

“इडा, ही तुला झोपलेली दिसते?”

“झोप लिहिलंय ना? मग झोपलीय. मरायचं का जगायचं ते वरचे ठरवतात बाई, आपण रेघा ओढायच्या. उगाच डोकं चालवू नकोस, मिस ग्रोव्हला वास लागतो डोकं चालल्याचा!”

वर्ना हसली. हसताना तिची नजर मुलीच्या मुठीवर होती. उघडी, बोटं सैल... तिच्या पहिल्या बाळाची, आर्लोची मूठही अशीच होती. चार महिन्यांचा होता. मी दारातूनच पाहिलं होतं — किती गाढ झोपलाय, असं मी मोठ्याने म्हणालेसुद्धा — आणि चिमट्यांची टोपली घेऊन मागच्या अंगणात गेले होते. अकरा दुपटी वाळत घालायची होती. कडेला कड जुळवून, सावकाश, ऊन छान होतं म्हणून... कॉलेजात शरीरशास्त्रात मी पहिल्या वर्गात आले होते, आणि दारातून मला कळलं नाही.

आता कोरीन दहा महिन्यांची होती. दिवसभर सासूबाईंकडे असायची आणि संध्याकाळी तिला घ्यायला गेल्यावर वर्ना पर्समधला आरसा काढून तिच्या नाकाशी धरायची. काच धुरकटली की मगच कोट उतरवायची. “पोरीला झोपू देशील की नाही?” सासूबाई करवादायच्या. “श्वासाची हजेरी घेतेस नुसती!”

स्थिर चित्र एकदाच गिरवायचं, हा इथला पहिला धडा. तेच चित्र दोनदा गिरवलं तर हात कितीही पक्का असो, दुसरी रेघ पहिलीवर तंतोतंत बसत नाही, पडद्यावर आकृती शहारल्यासारखी दिसते. नव्या मुली ही चूक करतात. देखरेख करणारी मिस ग्रोव्ह त्यांचा ताव बोलता बोलता धुऊन पुन्हा कोरा करायला टाकते. वर्नाचा ताव अकरा आठवड्यांत एकदाही परत आला नव्हता.

तिने दुसरा कोरा ताव मूळ चित्रावर, ताव जागेवर धरणाऱ्या खुंट्यांवर बसवला. तीच पापणी, तीच मूठ. फक्त छातीवरच्या चादरीची रेघ तिने केसभर वर ओढली. मग तक्त्यावर पेन्सिलीने — बारा चौकटी पहिलं, बारा चौकटी दुसरं, पुन्हा पहिलं. नोकरी जाईल, एवढंच तिच्या मनात आलं. आणि जाऊ दे, असं काही आलं नाही; नोकरी हवी होती. तरी टाक थांबला नाही.

चार वाजता मिस ग्रोव्ह आली. “दोन का?”

“हात हलला.”

“तुझा?”

मिस ग्रोव्हने दोन्ही ताव एकावर एक धरून खिडकीकडे केले. वरचा उचलला, टेकवला. पुन्हा उचलला. टाकांची कुरकुर थांबली होती.

“थरथरतेय ही,” मिस ग्रोव्ह म्हणाली. मग आवाज उतरवून, “ठाऊक आहे ना, हे चालत नाही?”

“हो बाई.”

दोन्ही ताव घेऊन ती गेली. दाराबाहेर डावीकडे कॅमेऱ्याची खोली, उजवीकडे ताव धुवायची मोरी. पावलं कुठे वळली ते नुसतं मान वर करून दिसलं असतं. वर्नाने मान वर केली नाही.

साडेपाचला सासूबाईंच्या भिंतीवर अजून ऊन होतं. कोरीन उताणी निजली होती. मूठ उघडी. वर्ना दारात थांबली — दारातून काही कळत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? — आणि पाळण्यापाशी गेली. आरसा पर्समध्येच राहिला. चादरीची कड केसभर वर गेल्यासारखी वाटली. का माझीच नजर... तिने आपला शाईने डागळलेला हात उन्हात धरून पाहिला. तो थरथरत नव्हता.

कड वर गेली. खाली आली. आणि पुन्हा वर जाईपर्यंत जी मधली जागा असते, जिथे कुणी एकही चित्र काढलेलं नसतं, तिथे वर्ना कोट न उतरवता उभी राहिली.