टाकीची निशाणी

पेशवाईतल्या पुण्यात शमशुद्दीन पाथरवटाला दोन गोष्टींचा भारी अभिमान होता. एक स्वतःच्या मिशांचा, आणि दुसरा नारायण पेठेत तुळजाबाई माळिणीच्या मळ्यातल्या हद्दीच्या दगडाचा. "वीस वर्षं झाली, तसूभर हलला नाही. माझ्या हातचा आहे!" हे तो समोरच्याने जांभई दिली तरी सांगे.

म्हणून तर तुळजाबाईने त्यालाच साक्षीला बोलावलं. शेजारच्या श्यामसुंदरशेटने दावा लावला होता, की तिच्या मेलेल्या नवऱ्याने तो दगड चार हात सरकवला. त्या चार हातांत विहीर होती. विहीर गेली की मळा गेला, आणि त्या विधवेला मळ्यावाचून दुसरं होतं काय?

बुधवार पेठेतल्या चावडीवर कारकून दीनानाथपंतांनी त्याची जबानी लिहून घेतली आणि मान वर न करता वाचून दाखवली. "'दगड मी स्वतः, माझ्या हाताने रोविला.' बरोबर? आता मशिदीत कुराणावर हात ठेवून हेच सांगा, मग खाली निशाणी करा. पाथरवटाची टाकी." ज्याला लिहिता येत नसे, तो सहीऐवजी आपल्या हत्याराचं चित्र काढी. कुणबी नांगर, वाणी तागडी. "आणि ऐकीव चालत नाही हो. हातांनी केलं असेल तेवढंच."

मशीद चार पावलांवर, पण शमशुद्दीनला ती येरवड्याइतकी लांब वाटली. कारण वीस वर्षांपूर्वी, नेमक्या दगड रोवायच्या दिवशी, त्याचा उजवा हात चिऱ्याखाली सापडून भोपळ्यासारखा सुजला होता. तो घरात कण्हत पडलेला. खड्डा खणला, दगड रोवला, सगळं केलं ते त्याच्या बायकोने, मदिनाबीने. तुळजाबाई तेव्हा बाळंतपणाला माहेरी गेलेली. बिरादरीत हसं नको म्हणून नवराबायको गप्प राहिली. पुढे बढाया मारता मारता शमशुद्दीनला स्वतःलाच ते खरं वाटू लागलं होतं.

त्याने हातपाय-तोंड धुऊन वजू केली. हात पुढे केला, आणि मागे घेतला. दारात पंतांशेजारी उभी तुळजाबाई त्याच्याकडे देवाकडे बघावं तशी बघत होती.

"पंत, दगड मी नाही रोवला."

तुळजाबाई मटकन खाली बसली.

"शपथेआधी बोललात, म्हणून वाचलात," पंत म्हणाले. "मग कुणी रोवला?"

"माझ्या बायकोनं."

पंतांमागून श्यामसुंदरशेट खो खो हसला. "मग मिशा कुणाच्या म्हणायच्या?"

पंतांनी जुना कागद फाडला, नवा घेतला आणि मदिनाबीला बोलावणं धाडलं. ती आली. डोक्यावर पदर घेऊन तिने कुराणावर हात ठेवला आणि आवाज न चढवता सांगितलं, "खाली कोळसे घातलेत, हद्दीची मूळ जागा कळावी म्हणून, रिवाजाप्रमाणे. दगड लोटताना माझी हिरवी बांगडी पिचली. तुकडे वेचायला थांबले नाही, घरी ह्यांचा हात शेकायचा होता."

पंतांनी आधी हे लिहून घेतलं, मगच सगळे मळ्यात गेले आणि दगड उपटला. खाली काळे कोळसे होते, आणि कोळशांत हिरव्या काचेचे तीन तुकडे. शेटला एकाएकी घरचं काम आठवलं. तुळजाबाई मदिनाबीच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली.

तिथेच पंतांनी कागद मांडीवर घेतला. "आता निशाणी. बायकांची बांगडी असते." त्यांनी लेखणी टेकवलीसुद्धा.

"बांगडी नको, पंत," शमशुद्दीन म्हणाला. "टाकी काढा."

"टाकी तुमची ना?"

"दगड रोवणाऱ्याची."

मदिनाबीने वीस वर्षांत पहिल्यांदाच नवऱ्याकडे डोळे भरून पाहिलं. मग पंतांच्या हातून लेखणी घेऊन तिने स्वतःच टाकी काढली. जरा वाकडी आली.

शमशुद्दीनने दगडाची गोष्ट सांगायचं काही सोडलं नाही. "तसूभर हलला नाही," तो मिशा पिळत सांगे. "माझ्या बायकोच्या हातचा आहे!"