रकानेबाईंचा जबाब

इस्पितळाच्या तळघरात यंत्रं दुरुस्त करणाऱ्या बाईंना सगळे रकानेबाई म्हणत. ते काही आडनाव नव्हे, थट्टा होती. फॉर्म कसलाही असो, बाई एकही रकाना कोरा सोडायच्या नाहीत. कोरा रकाना म्हणजे तपासायचं राहून गेलेलं यंत्र, ही वीस वर्षांच्या नोकरीत हाडात मुरलेली खोड. आणि नेमकी तीच अंगाशी आली.

यंत्रांच्या कंपन्या दुरुस्तीच्या पुस्तिका कुणाला देत नाहीत. आमचाच माणूस बोलवा म्हणतात, आणि तो माणूस उगवतो महिन्याने. म्हणून एका वेबसाइटवरून चोरीच्या पुस्तिका सगळेच तंत्रज्ञ गुपचूप उतरवून घेत. गेल्या आठवड्यात पोलिसांनी ती वेबसाइट बंद केली आणि वापरणाऱ्यांची यादीही उचलली. तीस हजार जण! कुणी नाव लिहिलेलं 'अबक', कुणी 'राजा'. रकानेबाईंनी लिहिलं होतं संपूर्ण नाव, हुद्दा, इस्पितळाचा पत्ता, फोन. शिवाय 'कारण' या रकान्यात, 'कंपनी पुस्तिका देत नाही म्हणून.' चोरी करून वर स्वतःच्या नावाची पाटी लावून यावं, तसला प्रकार.

"अगं ताई, तू माणूस आहेस की जनगणना?" वकील भावाने कपाळावर हात मारला. "आता नीट ऐक. पुस्तिका नुसती वाचली म्हणालीस तर दंडावर भागेल. तिच्यावरून काम केलं म्हणालीस, तर परवाना गेलाच समज. कुतूहल म्हणून चाळली, एवढंच सांग."

बाईंनी मान डोलावली. परवान्याशिवाय त्यांना साधा स्क्रू पिळायची मुभा नव्हती, आणि दुसरं कुठलं काम त्यांना येत नव्हतं.

अकराच्या सुमारास, भाऊ शेजारी बसलेला असतानाच, जबाब घ्यायला चौकशी अधिकारी तळघरात आला. बोलायला मऊ होता, आणि अशांचीच जास्त भीती वाटते.

"नवजात बाळांच्या काचेच्या पेटीची पुस्तिका तुम्ही उतरवलीत, मॅडम?"

"हो."

"वापरलीत?"

बाईंनी भावाकडे पाहिलं. "नाही. कुतूहल म्हणून चाळली."

अधिकाऱ्याने लिहून घेतलं. भावाचा जीव भांड्यात पडला. बाईंना स्वतःची लाज वाटली, पण सुटल्यासारखंही वाटलं.

"मग तीन नंबरच्या पेटीच्या दुरुस्तीवर तुमची सही कशी?"

"ती मी अनुभवाने केली."

"म्हणजे अंदाजाने." त्याने पेन खाली ठेवलं. "मग ती पेटी आत्ताच सील करावी लागेल. कंपनीच्या पद्धतीने दुरुस्त झालेलं यंत्र चालू ठेवता येतं, अंदाजाने केलेलं नाही."

"अहो, तिच्यात बाळ आहे!"

"दुसऱ्या पेटीत हलवा."

"रिकामी आहे कुठे?" बाई म्हणाल्या. सकाळीच त्या वर बाळांच्या कक्षात जाऊन आल्या होत्या. सव्वा किलोचा जीव, टाच जेमतेम अंगठ्याएवढी.

भावाने टेबलाखालून त्यांचा पाय दाबला. अधिकाऱ्याने पिशवीतून सीलची पट्टी काढली. दुसऱ्या इस्पितळात जागा मिळेल, सिस्टर काहीतरी करतील, बाईंनी मनाला बजावून पाहिलं. मन काही ऐकेना.

"थांबा. खोटं बोलले मी," त्या म्हणाल्या. "दुरुस्ती पुस्तिकेप्रमाणेच केली, पान न् पान समोर ठेवून. तापमान तीनदा तपासलंय, आकडे नोंदीत आहेत. पेटी ठणठणीत आहे."

"ताई, वेड लागलंय का तुला!"

"तू गप्प बस रे."

अधिकाऱ्याने पेन पुन्हा उचललं. "मॅडम, हे मी लिहिलं की परवाना जाईल."

"पेटी चालू राहील ना?"

"राहील."

"मग लिहा."

बाईंनी सही केली. गळ्यातल्या परवान्याच्या कार्डाची गाठ सुटेना, शेवटी भावानेच ते सोडवून दिलं. कार्ड टेबलावर ठेवून त्या जिन्याकडे वळल्या.

"मॅडम, आता तुम्हाला यंत्राला हात लावता येणार नाही," अधिकारी म्हणाला.

"यंत्राला नाही हो लावत," बाई म्हणाल्या. "बाळाला बघून येते."