‘अखंड’ का खपलं नाही

‘अखंड’ नावाचं व्हिडिओ गेमचं यंत्र बाजारात आलं आणि सपशेल आपटलं. गंमत म्हणजे त्याला नावं कुणीच ठेवली नव्हती. मासिकवाल्यांनी तोंड भरून कौतुक केलं, जाणकारांनी पाठ थोपटली, गिऱ्हाइकांनी तेवढी पाठ फिरवली. दुकानांतून परत आलेली खोकी गोदामात मावेनात, म्हणून जिन्यावर रचून ठेवली होती.

ज्याने ते घडवलं त्याला कंपनीत सगळे सबूरराव म्हणत. कुणी घाई केली की ‘सबूर!’ म्हणायची त्याला खोड होती. मालकांनी बैठक बोलावली तेव्हा तो शेवटच्या खुर्चीत बसला होता. विक्रीवाला म्हणाला, किंमत जास्त झाली. जाहिरातवाली म्हणाली, काळा रंग नडला. तिसऱ्याने प्रतिस्पर्ध्याच्या नावाने बोटं मोडली.

“नाचता येईना अंगण वाकडं!” मालक म्हणाले. “मला दहा कारणं नकोत, खरं एक हवंय. सबूरराव, सोमवारी तुम्ही सांगा. घोडं कुठे पेंड खातंय ते कळलं, तर दुसरं मॉडेल काढू. नाही तर विभागाला कुलूप.”

दुसरं मॉडेल सबूररावाच्या डोक्यात केव्हाच तयार होतं. त्यासाठी तो वाट्टेल ते करायला तयार होता. त्याने पुन्हा सगळं तपासलं आणि पुन्हा त्याला काहीच सापडलं नाही. बाकीच्या यंत्रांत दर दारापाशी, दर वळणावर खेळ थांबतो आणि ‘कृपया वाट पाहा’ अशी पाटी येते. ‘अखंड’मध्ये ही भानगडच नव्हती. ते सुरू होतानाच खेळातलं अख्खं जग पोटात घ्यायचं. मग समुद्रात बुडी मारा, शहरात पळा, कुठे म्हणून अडायचं नाही. दुरुस्तीला आलेल्या यंत्रांवर शेरा असायचा, ‘चालू होत नाही’. दुरुस्तीवाले ते जोडून चहाला जायचे, आणि येऊन बघतात तर यंत्र मस्त चालू! “लोकांना साधं बटण दाबता येत नाही,” असं म्हणून ते खोकं पुन्हा बंद करायचे. सबूररावही त्यांच्याबरोबर हसायचा.

त्याच्या प्रयोगशाळेत एक नियम होता. यंत्र बंद करायचं नाही. पहिल्याच वर्षी सफाईवाल्याने चुकून बटण दाबलं आणि दिवसभराचं काम बुडालं. तेव्हा सबूररावाने चिडून प्रत्येक बटणावर चिठ्ठी डकवली होती : ‘हात लावाल तर याद राखा.’ तेव्हापासून तिथली यंत्रं कायम चालू असत. मासिकवाल्यांकडेसुद्धा कंपनीचा माणूस आधी जाऊन यंत्र चालू करून ठेवत असे.

शनिवारी काही सुचेना, म्हणून तो संध्याकाळीच घरी आला. बायकोने दारातच विचारलं, “अहो, बरं नाही का?” या वेळी त्याला घरात कुणी पाहिलंच नव्हतं. आत मुलगी फरशीवर एकटीच पत्त्यांचा बंगला करत बसली होती. टीव्हीखाली ‘अखंड’ होतं, वर धुळीचा थर.

“हे का खेळत नाहीस गं?” त्याने विचारलं.

“अभ्यास झाला की जेवणापर्यंतच खेळायला मिळतं ना, बाबा. तुझं चालू होईपर्यंत आईची हाक येते.”

“काहीतरीच! बटण दाबलं की होतं.”

“दाब मग.”

भिंतीवरचं बटण बंद होतं. या घरात वापर संपला की भिंतीवरचं बटण बंद करायचं, हा बायकोचा दंडक. त्याने ते चालू केलं आणि फतकल मारून बसला. काळ्या पडद्यावर एक निळा ठिपका गोल गोल फिरू लागला. बंगल्याचा एक मजला चढला, दुसरा चढला. ठिपका फिरतच होता. तिसऱ्या मजल्याला बंगला कोसळला आणि स्वयंपाकघरातून हाक आली, “पानं घेतलीत, चला!”

“बघ,” मुलगी म्हणाली आणि उठली.

सबूरराव तिथेच बसून राहिला. त्याला मनापासून लाज वाटली. खोक्यात सगळं दिलं होतं, सबुरी तेवढी गिऱ्हाइकाने घरून आणायची होती.

सोमवारी त्याने यंत्र मालकांच्या टेबलावर ठेवलं, वायर जोडली आणि बटण दाबलं. मालकांनी ठिपका पाहिला, घड्याळ पाहिलं, एक फोन उरकला, दुसरा उरकला.

“अहो, कधी सुरू होणार हे?”

“हेच ते कारण,” सबूरराव म्हणाला.

मालकांच्या डोक्यात प्रकाश पडला. “आणि इतक्या वर्षांत हे तुम्हाला दिसलं नाही?”

“आम्ही ते कधी बंदच केलं नाही.”

मालक म्हणाले, “कारण पटलं. पण ज्याला आपलं यंत्र एकदा बंद करून पाहावंसं वाटलं नाही, त्याच्या हाती दुसरं कसं देऊ?” ते उठून गेले, मागोमाग सबूररावही. रिकाम्या खोलीत पडदा उजळला आणि निळाशार समुद्र दिसू लागला.

विभागाला कुलूप लागलं. आता सबूररावाकडे वेळच वेळ होता. एके दिवशी मुलगी शाळेतून यायच्या आधीच त्याने बटण दाबून ठेवलं. अभ्यास उरकून ती आली तेव्हा समुद्र तयार होता. ती त्यात शिरली, बुडाली, वर आली, शहरातून धावत सुटली, आणि कुठेच अडली नाही.

“बाबा, कसलं भारी आहे हे! मग कुणी का घेतलं नाही रे?”

तो सांगायला सरसावला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून हाक आली.

“आले गं आई!” मुलगी म्हणाली. तिने हातातलं खाली ठेवलं, आणि जाता जाता, आईने लावलेल्या सवयीने, भिंतीवरचं बटण बंद केलं.