खांब सरळ करणारा कागद

मित्रांनो, मी गाडीच्या विम्याचा एक जुना कागद आहे. माझी मुदत संपून बरेच दिवस झाले. मला अजून कुणी फाडलेलं नाही, म्हणून जे सांगायची लाज वाटते ते आज सांगून टाकतो.

माझा जन्म एका विमा एजंटच्या छोट्या ऑफिसात झाला. छपाईयंत्रातून मी गरम गरम बाहेर आलो. तीन पानं आणि कोपऱ्यात एक पिन, एवढाच मी. टेबलासमोर माझे मालक उभे होते. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. कुठल्यातरी इमारतीत लिफ्ट अडकली होती, त्यामुळे ते बसायलाही तयार नव्हते.

एजंट म्हणाला, "दादा, हा फक्त थर्ड पार्टी आहे. आपल्या गाडीनं दुसऱ्याला लागलं, दुसऱ्याचं काही मोडलं, तर ते भरून मिळेल. आपली गाडी ठोकली, चोरीला गेली, जळाली, पाण्यात बुडाली, तर काही मिळणार नाही. त्यासाठी सर्वसमावेशक विमा असतो."

"मागच्या वर्षीचा होता तसाच द्या."

"बरं. अजून एक. गाडी रोज वहिनी चालवतात आणि कागदावर नाव तुमचं. अपघातात हात किंवा पाय गेला तर मदत मिळते ती मालकाला, तीही गाडी तो चालवत असेल तर. वहिनींना ती मिळणार नाही. गाडी त्यांच्या नावावर करून टाका."

मालक हसले. "तिची काय आणि माझी काय. आमच्यात तुझं-माझं नाही हो."

मला ते बोलणं फार आवडलं. किती चांगल्या घरी चाललोय, असं वाटलं. मित्रांनो, माझ्या लाजेची सुरुवात तिथूनच आहे.

मी गाडीच्या पुढच्या खणात राहू लागलो. सोबतीला मोजपट्टी, टाचण्यांची डबी आणि कापडाचे नमुने होते. बाई, म्हणजे मालकांची बायको, पडदे शिवायच्या. घरोघरी जाऊन खिडक्या मोजायच्या, घरी पडदे शिवायच्या आणि मागच्या सीटवर शिडी आडवी टाकून ते लावायला जायच्या. गाडीत एकट्या असल्या की खिडक्यांची मापं मोठ्यानं पाठ करायच्या.

तिसऱ्या महिन्यात गाडी मागे घेताना त्यांनी एका घराचं फाटक पाडलं. घरमालक लालबुंद झाला होता. माझ्यामुळे त्याला नवं फाटक मिळालं. "कामाचा निघाला हो हा कागद," बाई म्हणाल्या आणि मला नव्या प्लास्टिकच्या पाकिटात घातलं. मी फुगून गेलो. आपल्या गाडीचा मागचा दिवा मात्र त्यांनी घरच्या पैशानं बसवला. तेव्हा एजंटनं पुन्हा सांगून पाहिलं. आपल्या गाडीचा विमा मधेच घेता येतो, शेजारी बसणाऱ्यांसाठीही वेगळा घेता येतो, म्हणाला. मालक म्हणाले, "नवीन करताना बघू." मी कौतुकात इतका बुडालो होतो की मला त्याचं काही वाटलं नाही.

दहाव्या महिन्यात, भर दुपारी, एक कुत्रं आडवं आलं. बाईंनी त्याला वाचवलं आणि गाडी दिव्याच्या खांबावर गेली. दार आत दबलं. त्यांचा उजवा हात दार आणि सीट यांच्यात सापडला.

दवाखान्यात मालक मला हातात घेऊन बसले होते. "विमा आहे आपला, तू काळजी करू नकोस," असं ते बाईंना सांगत होते. माझ्या तिसऱ्या पानावर काय लिहिलंय ते मला ठाऊक होतं. मालकांनी ते पान उलटलंच नाही.

हात वाचला, पण बोटांची पकड कायमची गेली. कात्री हातातून सुटायला लागली. मग एजंट घरी आला. त्यानं माझं तिसरं पान उघडलं आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिला.

"गाडीचं काही मिळणार नाही, दादा. हाताचंही नाही."

"मग यात सोय होती तरी कुणाची?"

"तुमची. तुम्ही चालवत असता तर." मग तो हळूच म्हणाला, "खांबाचं मिळेल."

बाई म्हणाल्या, "चला, खांबाचं तरी नशीब चांगलं."

मालक उठून गॅलरीत गेले. त्यांचा चहा तसाच गार झाला.

नगरपालिकेनं खांब सरळ करून घेतला. ते माझ्या आयुष्यातलं शेवटचं काम. इतकं नीट पार पडलेलं काम सांगताना मान खाली जावी, असं माझ्याखेरीज कुणाच्या वाट्याला आलं असेल का, कोण जाणे.

पुढे एका रविवारी बाईंनी डाव्या हातानं मला कपाटातून काढलं आणि मालकांपुढे ठेवलं. "वाचा. पहिल्यापासून."

"आता वाचून काय करायचंय?"

"मला ऐकायचंय."

मालकांनी तिन्ही पानं मोठ्यानं वाचली. कळलं नाही तिथे त्या थांबवायच्या, मग ते तीच ओळ पुन्हा वाचायचे. तिसऱ्या पानावर ते पाणी प्यायला उठले. परत येऊन त्यांनी उरलेलं वाचून संपवलं.

"इतकंच होतं?" बाईंनी विचारलं.

"इतकंच."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "दहा मिनिटं लागली," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, तुमच्या घरच्या गाडीतही माझ्यासारखा एखादा कागद असेल. तो स्वतःहून बोलणार नाही. त्याला बाहेर काढा आणि गाडी रोज जे माणूस चालवतं, त्याला शेजारी बसवून वाचा. तिसरं पानसुद्धा.