डी ड्राइव्हमधलं सामान

दादाने लॅपटॉप खसकन स्वतःकडे ओढला, तशी त्यावर ठेवलेली मापाची टेप घरंगळत खाली गेली आणि तिच्या पाठोपाठ खडूंचा डबा. रंगीत तुकडे कटिंगच्या टेबलाखाली विखुरले. त्याने वाकून बघितलंसुद्धा नाही.

"हा कीबोर्ड पुसतेस तरी कधी? दोरे निघतायत यातून."

"कीबोर्ड पुसायला नाही बोलावलं तुला," धाकटी म्हणाली. "जागा करून द्यायला बोलावलंय."

"जागा, जागा! नवा लॅपटॉप घ्यायला काय धाड भरलीये?"

"काय धाड भरलीये ते तुला चांगलं ठाऊक आहे."

ठाऊक होतंच. दोघांनाही होतं. हा लॅपटॉप आईने घेतलेला, दोन मुलांत मिळून एक. पहिल्याच दिवशी दादाने हार्ड डिस्कचे दोन भाग केले. सी धाकटीचा, डी त्याचा. वर उपकार केल्यासारखं तिला समजावून सांगितलं होतं, की बघ, अगदी निम्मं निम्मं. सगळा संसार सीवर चालतो आणि डी मात्र पाय पसरून बसलेला असतो, हे कळायला तिला काही वर्षं लागली. पुढे दादाला नोकरी लागली, लग्न करून तो वेगळा राहायला लागला, स्वतःचे दोन लॅपटॉप वापरून जुने केले, पण डीवरचा हक्क काही सोडला नाही. कधी विषय निघालाच तर म्हणायचा, माझं सामान आहे त्यात.

त्याच्या सामानाशी धाकटीला देणंघेणं नव्हतं. पण त्यात आई होती. आई कपड्यांच्या कटिंगचे क्लास घ्यायची. शेवटी शेवटी तिला जास्त वेळ उभं राहवेना, तेव्हा दादाने तिचे धडे याच लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर टिपून घेतले. कॅमेरा टेबलाकडे झुकवलेला, त्यामुळे आईचा चेहरा त्यात कुठे नव्हता. नुसते हात, कात्री आणि आवाज. आई गेल्यावर धाकटीने ते धडे मागितले, तर हा म्हणाला, "मी टिपलेत, माझ्याकडे राहू देत." डीला त्याने पासवर्ड घालून टाकला होता. तिथून दोघांचं जे फाटलं ते फाटलंच. नवा लॅपटॉप घेतला, की हा जुना तो आईसकट उचलून नेईल, ही धाकटीची धास्ती.

कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला म्हणाला होता, डी उडवून टाकू, चुटकीसरशी सगळी जागा सीला जोडून देतो. धाकटीने त्याच्या हातातून लॅपटॉप काढून घेतला होता. आईचा आवाज उडवायचा? त्यापेक्षा ती रोज सकाळी कटिंगचे स्वतःचेच जुने नमुने पुसायची आणि त्या दिवसापुरती जागा करायची. पण आता ती ज्याचं काम घ्यायची त्या कपड्यांच्या कारखान्याचे नमुने ज्या नव्या प्रोग्राममध्ये उघडतात, तो सीमध्ये मावतच नव्हता. काम हातचं जायची वेळ आली, तेव्हा कुठे तिने दादाला फोन केला. आणि फोनवरही दोघं भांडलेच.

"तिकडे बघ," दादा म्हणाला.

तिने मान वळवली. त्याने पासवर्ड टाकला. मग पडद्यावर डिस्कचं चित्र आलं, एक आडवी पट्टी, मधोमध रेघ मारलेली. दादाने डीवर क्लिक करून तो आकसून घ्यायचा हुकूम दिला. किती जागा सोडता येईल, त्याचा भलामोठा आकडा चौकोनात आला. तो त्याने पटकन खोडला आणि त्या जागी लहानसा टाकला.

"एवढं देतो. पुष्कळ झालं तुला."

"मोठा उदार!"

पट्टीच्या टोकाला काळा तुकडा सुटला. दादाने ऐटीत सीवर क्लिक केलं. वाढवायचं बटण फिकटच राहिलं. त्याने परत क्लिक केलं. मग लॅपटॉप बंद करून चालू केला. पासवर्ड, तिकडे बघ, चित्र, क्लिक. बटण तसंच, राखाडी आणि मुकं.

"तुझा लॅपटॉपच भंगार आहे."

धाकटी त्याच्या खांद्यावरून बघत होती. "तुकडा पलीकडून सुटलाय ना पण. डीच्या उजवीकडे. मला तो डावीकडे जोडायचाय, आणि मधे तू बसलायस. जुळेल कसा?"

दादाचे कान लाल झाले. बहिणीने बरोबर सांगितलं की त्याचे कान लहानपणापासून लाल व्हायचे.

"मग सरकवायचं डीला," ती म्हणाली. "दुरुस्तीवाला म्हणत होता, फुकटातलं सॉफ्टवेअर मिळतं, अख्खा भाग उचलून पलीकडे..."

"ते नको."

"का?"

"नको म्हटलं ना! चालू असताना मधेच अडकलं की सगळं जातं. काही म्हणता काही उरत नाही."

"तुला काय माहीत?"

"माहीत आहे," दादा म्हणाला, आणि टेबलावरचा एक दोरा उचलून बोटाला गुंडाळत बसला.

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा टी टी आवाज तेवढा येत राहिला. शेवटी दादाच म्हणाला, की मग एकच उपाय आहे. डी पूर्ण रिकामा करून काढून टाकायचा. थोडं देऊन भागणार नाही, द्यायचं तर सगळंच द्यावं लागेल.

धाकटीने कपाटातून बाहेरून जोडायची हार्ड डिस्क काढली. नवी, खोक्यातली. ती याच दिवसासाठी कधीची आणून ठेवली होती.

"आधी आईचं यात घे. माझ्यासमोर."

"तुझ्यासमोर नाही. माझी खासगी कागदपत्रं आहेत."

"चुलीत गेली तुझी कागदपत्रं."

"मग मी जातो."

तो खरंच उठला. जाईलही, हे तिला पक्कं माहीत होतं. लहानपणी खेळ मोडून जाण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिने दात आवळले.

"बस. मी बघत नाही."

ती वळली आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली. समोर गिऱ्हाइकांसाठी लावलेला उभा आरसा होता. दादाचीही पाठ आरशाकडेच होती. त्याच्या खांद्यावरून पडदा सबंध दिसत होता. ती काही मुद्दाम बघायला गेली नव्हती.

त्याने डी उघडला. पांढरी खिडकी उघडली. पांढरीच राहिली. त्यात एक फोल्डर नव्हता, एक फोटो नव्हता, धड्याबिड्याचं नावही नव्हतं. जोडलेल्या हार्ड डिस्कचा दिवा स्थिर जळत होता. कॉपी होत असताना तो कसा फडफडतो, हे धाकटीला चांगलं माहीत होतं. रोजचं काम ती कारखान्याच्या अशाच एका डिस्कवर घालून देत असे. दादाने माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला आणि तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसला. एवढ्या फाइली कॉपी व्हायला जेवढा वेळ लागावा, तेवढा वेळ तो जाऊ देत होता.

धाकटीच्या डोक्यात तिडीक गेली. वळावं आणि त्याची मानगूट धरून विचारावं, कुठे आहे माझी आई? इतकी वर्षं ती स्वतःचं काम पुसत होती, या रिकाम्या खोक्याला धक्का लागू नये म्हणून. आणि हा ते बघत होता! आई गेली त्या महिन्यात, स्लो झालाय, नीट करून आणतो, म्हणून लॅपटॉप घेऊन गेला होता. परत आणला तेव्हा तोंड उतरलेलं होतं. सगळ्यांना वाटलं, आईमुळे. त्याच संध्याकाळी म्हणाला, माझ्याकडे राहू देत. मामा त्याला दगड म्हणाले, मावशीने बोलणं टाकलं, धाकटीने तर तोंडाला येईल ते ऐकवलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. घरातला कॉम्प्युटरवाला तोच. माझ्या हातून गेलं, एवढे तीन शब्द मात्र त्याच्या तोंडून निघाले नाहीत.

"झालं," दादा म्हणाला.

ती वळली. त्याने हार्ड डिस्क काढून खिशात घातली. "ही मी नेतो. तुझे धडे त्यातून वेगळे काढून पाठवतो."

"बरं."

तिने वाद घातला नाही, म्हणून तो जरा गडबडला. "डी काढून टाकू? गेलं की परत येत नाही."

"टाक."

त्याने क्लिक केलं. मधली रेघ गेली आणि या खेपेला बटण जागं झालं. सी पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरला.

"मिळाली जागा. आता पुन्हा बोंबलू नकोस." त्याने बॅग खांद्याला लावली.

"थांब."

"आता काय?"

"पहिल्या धड्यात आई काय सांगते?"

"म्हणजे?"

"तूच टिपलेस ना? सांग."

दादाचा हात खिशावर गेला. तो दाराकडे बघतच बोलायला लागला तेव्हा त्याचा सूर बदलला होता. "कापडाला आधी हात लावायचा नाही. आधी कागदावर काढा, कागद कापा, अंगाला लावून बघा. कागद चुकला तर कागदच जातो." इथे आई खडूची भुकटी फुंकायची. त्यानेही फुंकर मारली. "मग म्हणते, बारके, खिडकी लाव ना, कागद उडतायत. मला ते नंतर काढून टाकायचं होतं. राहून गेलं."

खिडकी लावायला उठलेली बारकी ती स्वतःच होती. ते तिला आठवत नव्हतं.

दादाची नजर दारावरून आरशाकडे गेली. आरशात पडदा होता, त्याची रिकामी खुर्ची होती आणि ती होती. त्याने हळूच हार्ड डिस्क खिशातून काढली आणि टेबलावर ठेवली.

"बारके, मी..."

"दुसऱ्यात?" धाकटी खेकसली, आणि पायाने स्टूल त्याच्याकडे ढकललं.